विषाचा आकडा कोणाच्या मालकीचा?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून आजारी बालके एकामागून एक नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. ताप आणि खोकला एवढेच निमित्त होते. औषध घेतल्यावर लघवी बंद झाली आणि मूत्रपिंडे निकामी होत गेली. वीसहून अधिक बालके दगावली. तमिळनाडूतील एका कारखान्यात बनलेल्या खोकल्याच्या औषधाची तपासणी झाली, तेव्हा त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे रसायन शेकडा ४८.६ इतके निघाले. हे रसायन औषध नव्हे. ब्रेकचे तेल, शाई, रंग, कृत्रिम राळ यांच्या धंद्यात लागणारे ते एक औद्योगिक द्रावक आहे. दिसायला ग्लिसरिनसारखे, चवीला गोडसर आणि बाजारात स्वस्त. त्याच्या या तीन गुणांनी माणसांचा घात केला आहे.

हे प्रथमच घडले असते तर त्याला अपघात म्हणता आले असते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून विकले गेले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. विक्रीपूर्वी कंपनीने ते एकाही प्राण्याला देऊन पाहिले नव्हते, आणि तसे पाहण्याची सक्ती करणारा कायदाही नव्हता. सरकारी खात्याला तो माल जप्त करता आला तो केवळ 'एलिक्झिर' या नावाच्या आधारे! ज्यात मद्यार्क नाही त्याला ते नाव देणे हा लेबलाचा गुन्हा होता. विष विकणे हा नव्हता. माणसे मेल्यानंतर शिकागोच्या विद्यापीठात प्राण्यांवर प्रयोग झाले आणि १९३८ साली विक्रीपूर्वी सुरक्षितता दाखविण्याचे बंधन घालणारा कायदा आला. आपल्याकडे १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनने चौदा रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने औषध-प्रशासन, रुग्णालयाची खरेदी आणि राजकीय वरदहस्त यांचे साटेलोटे चव्हाट्यावर मांडले. त्यानंतर १९९८ साली गुडगाव, २०२२ साली गांबिया, आणि आता छिंदवाडा. रसायन तेच, मरणाची रीत तीच.

या रसायनाविषयी ज्ञान नव्हते असे मात्र नाही. त्याचा 'विषाचा आकडा' कोणत्याही संदर्भग्रंथात सापडतो. उंदरांना तोंडावाटे एकदाच दिले असता निम्मे उंदीर ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा दर किलो वजनामागे बारा ते सोळा ग्रॅम. माणसाला मात्र दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम, कित्येकदा त्याहूनही कमी, प्राणघातक ठरते असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. उंदरांवर विसंबले तर हे रसायन जवळजवळ निरुपद्रवी ठरते. युरोपीय वर्गीकरणात त्याला 'गिळल्यास हानिकारक' असा शिक्का मिळाला तो माणसांच्या अनुभवावरून. उंदरांनी जे सांगितले नाही, ते माणसांनी मरून सांगितले.

म्हणूनच हा आकडा कसा जन्मतो, तो काय सांगतो, काय लपवतो आणि कोणाच्या कपाटात राहतो, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. तो कारखान्यातील कामगाराच्या, फवारणी करणाऱ्या शेतमजुराच्या आणि सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईच्या जगण्याचा प्रश्न आहे.

प्रथम आकड्याचा जन्म पाहू. १९२७ साली ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही पद्धत मांडली, तेव्हा त्याच्यासमोर औद्योगिक रसायने नव्हतीच. डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारखी जी औषधे वनस्पती वा प्राणी यांपासून काढली जात, त्यांचा जोर दर खेपेला वेगळा निघे आणि तो मोजण्याचे खात्रीचे साधन हवे होते. कमीत कमी किती मात्रेने प्राणी मरतो हे पाहू गेले तर प्रत्येक प्राण्यागणिक उत्तर बदलते. निम्मे प्राणी कितीने मरतात हे पाहिले तर उत्तर बरेच स्थिर राहते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने विचार चोख होता. या मात्रेला 'एलडी-५०' म्हणतात. आपण तिला अर्धमारक मात्रा म्हणू. औषधाचा जोर मोजण्याचे हे साधन पुढे रासायनिक उद्योगाने उचलले आणि प्रत्येक नव्या पदार्थाच्या कपाळी हा आकडा चिकटू लागला.

१९८१ साली श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, या चाचणीचा नमुना ४०१ या क्रमांकाने ठरवून दिला. उंदरांना रात्रभर उपाशी ठेवावयाचे, सकाळी घशातून नळी घालून रसायन थेट पोटात सोडावयाचे आणि चौदा दिवस पाहत राहावयाचे. कोण थरथरला, कोणाला झटके आले, कोण केव्हा मेला, याची नोंद करावयाची आणि शेवटी सर्वांचे शवविच्छेदन करावयाचे. किमान तीन मात्रा आणि दर मात्रेला पाच नर व पाच माद्या. त्यापूर्वीच्या काळात तर आकडा अधिक 'अचूक' यावा म्हणून एकेका पदार्थासाठी शंभरापर्यंत प्राणी खर्ची पडत. याच साली या राष्ट्रांनी आणखी एक करार केला: एका देशात झालेली चाचणी इतर सदस्य देशांनी मान्य करावी. पुन्हा पुन्हा प्राणी मारावे लागू नयेत हा त्याचा एक चांगला परिणाम झाला हे खरे. परंतु रसायनांच्या व्यापारातील अडसर दूर व्हावेत ही मूळ निकड होती, हेही विसरता कामा नये.

अर्थशास्त्राच्या अध्यापनात आयुष्य गेलेल्या माणसाला या आकड्याची ओळख चटकन पटते. दरडोई उत्पन्नाचा आकडा असाच असतो. तो खोटा नसतो. पण त्या एका आकड्यावर देशाचे सुखदुःख मोजू लागले की भुकेला माणूस त्यातून नाहीसा होतो. अर्धमारक मात्रा हीसुद्धा एका ठराविक प्रश्नाचे उत्तर आहे. सुदृढ, पोटभर खाणारा, एकाच वंशाचा प्रयोगशाळेतील प्राणी, एकच शुद्ध पदार्थ, एकच घोट आणि चौदा दिवस. या चौकटीबाहेरच्या कोणत्याही प्रश्नाला ती उत्तर देत नाही, आणि कष्टकऱ्यांचे सारे प्रश्न या चौकटीबाहेरचे आहेत.

प्राणी बदलला की आकडा बदलतो. डायॉक्सिन या विषाच्या बाबतीत गिनीपिग आणि हॅमस्टर यांच्या अर्धमारक मात्रांत हजारपटीहून अधिक अंतर आहे. दोन कृंतक प्राण्यांत जर एवढे अंतर, तर माणसाविषयी छातीठोक कोण बोलणार? वाट बदलली तरी आकडा बदलतो. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट कोणाच्या पोटात नळीने घातले नव्हते. ते श्वासातून गेले, डोळ्यांत गेले. त्या रात्री डॉक्टरांना गरज होती ती फुप्फुसावर काय होते आणि उपाय कोणता, या माहितीची. ती माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. तिसरी गोष्ट काळाची. उंदराला एकच घोट मिळतो; छिंदवाड्याच्या मुलांना दिवसातून अनेकदा, अनेक दिवस चमच्याने औषध पाजले गेले. कामगार तर वीस-पंचवीस वर्षे त्याच वाफेत श्वास घेतो. एका घोटाने न मरणारा उंदीर त्याच्या मूत्रपिंडाविषयी, मज्जासंस्थेविषयी किंवा त्याला पुढे होणाऱ्या कर्करोगाविषयी काहीही सांगत नाही.

आपल्या कायद्याने मात्र या आकड्यावर रंगांची इमारत उभारली आहे. तिचा इतिहासही मृत्यूंचाच आहे. १९५८ साली मुंबईहून जहाजाने गेलेल्या मालात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्यपिठाला लागले आणि केरळात शंभरावर माणसे मेली. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम आले. डब्यावर टोकावर उभा असलेला चौकोन आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. अर्धमारक मात्रा दर किलोस ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा. लाल रंगासोबत कवटी आणि हाडे. निरक्षरालाही कळावी अशी ही योजना आहे आणि तिची टवाळी करण्याचे कारण नाही. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून तेवीस मुलांचा जीव घेणारे मोनोक्रोटोफॉस हे लाल रंगाचेच विष होते. तेथे आकडा खरा बोलला होता, ऐकणारे कोणी नव्हते.

परंतु २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळात काय घडले? कापूस डोक्याएवढा वाढला होता. मजूर वर तोंड करून फवारत होते आणि तुषार त्यांच्याच अंगावर परत येत होते. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडोंना रुग्णालयात नेले गेले. त्यानंतर राज्य सरकारने ज्या औषधांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली, ती सगळीच लाल रंगाची नव्हती. दोन विषे कारखान्यातच एकत्र केलेली मिश्रणे त्यांत होती आणि शेताच्या बांधावर पुन्हा आणखी काही मिसळले जात होते. आकडा एकेका पदार्थाचा आणि अंगावर येणारे विष मिश्र. आकडा पोटातून जाणाऱ्या विषाचा आणि वाट कातडीची व श्वासाची. शिवाय तो आकडा ज्या उंदरावर ठरला, त्याला दोन वेळा ठरलेला सकस आहार मिळत होता. यवतमाळच्या मजुराला तो मिळतो असे म्हणण्याचे धाडस कोण करील? प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातील उंदराला जी काळजी मिळते, ती या देशातील शेतमजुराला मिळत नाही, हे वाक्य अलंकारिक नाही.

यापुढचा प्रश्न तराजू कोणाच्या हाती, हा आहे. चाचणीचा खर्च रसायन विकणारी कंपनी करते, प्रयोगशाळा ती निवडते आणि अहवालाची मालकीही तिचीच राहते. विद्यार्थ्याने आपला परीक्षक स्वतः नेमावा, त्याला मानधन द्यावे आणि उत्तरपत्रिका घरी ठेवावी, असा हा प्रकार. त्याचे फळ काय होते ते अमेरिकेने पाहिले आहे. इलिनॉय राज्यातील इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही तेथील एक अत्यंत मोठी विषशास्त्रीय प्रयोगशाळा होती. शेकडो रसायनांच्या चाचण्या तिने केल्या होत्या. १९७६ साली सरकारी निरीक्षकांनी मूळ नोंदवह्या उघडल्या तेव्हा असे दिसले की मेलेले प्राणी पुढच्या पानावर जिवंत होत होते, आणि कित्येक नोंदींपुढे 'फार कुजलेला' या अर्थाची तीन अक्षरे होती, म्हणजे पिंजऱ्यात मेलेल्या प्राण्याकडे वेळेवर कोणी पाहिलेही नव्हते. १९८३ साली तिचे तीन अधिकारी दोषी ठरले. या प्रकरणातून 'उत्तम प्रयोगशाळा-पद्धती'चे नियम आले, आणि आपल्याकडेही २००२ साली त्यासाठी राष्ट्रीय देखरेख-यंत्रणा उभी राहिली. हे नियम हवेतच. पण ते नोंदवही खरी आहे की नाही एवढेच पाहतात. प्रश्न योग्य विचारला होता की नाही, आणि उत्तर कोणाला सांगितले, हे पाहत नाहीत.

काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे, की नफा कारखान्याच्या खात्यावर जमा होतो आणि नुकसानीचा मोठा भाग कोणाच्याच वहीत न लिहिता समाजावर ढकलला जातो. न केलेली चाचणी हा असाच ढकललेला खर्च आहे. चाचणी रद्द होत नाही, तिची जागा बदलते. प्रयोगशाळेने जी केली नाही, ती छिंदवाड्याच्या घरात होते, यवतमाळच्या शेतात होते, आणि तिला परवानगी देणारी कोणतीही नैतिक समिती नसते.

येथे काही साथी म्हणतील, माणसांचे हाल चालू असताना उंदरांचे दुःख कशाला? हा सवाल चुकीचा आहे, असे आम्हांस वाटते. १९६० साली आपल्या संसदेने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला, त्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची चिकाटी होती, आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती त्याच कायद्यातून आली. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज संशोधकांनी १९५९ सालीच सांगितले होते, की शक्य तेथे प्राण्यांऐवजी दुसरे साधन वापरा, संख्या कमी करा, वेदना कमी करा. ते ऐकायला जगाला चार दशके लागली. २००२ च्या अखेरीस ओईसीडीने तो ४०१ क्रमांकाचा नमुना रद्द केला. त्याच्या जागी आलेल्या पद्धतींत मोजके प्राणी लागतात. एका पद्धतीत ठराविक मात्रा देऊन मृत्यूऐवजी विषबाधेची स्पष्ट लक्षणे पाहतात, दुसरीत तीन-तीन प्राण्यांच्या टप्प्याने जातात, तिसरीत एकेका प्राण्यावरून पुढची मात्रा वर वा खाली नेतात. वर्गवारीचे काम यांनी भागते. मग आधी पन्नास वर्षे जे लक्षावधी प्राणी मारले गेले, ते दशांशचिन्हापुढच्या खोट्या अचूकपणासाठीच ना? दुसऱ्याचे दुःख खर्चाच्या रकान्यातही न लिहिण्याची सवय एकदा लागली, की ती उंदरापाशी थांबत नाही.

आमचे म्हणणे उलट दिशेनेही स्पष्ट असावे. चाचण्याच नकोत, ही भूमिका आम्ही घेत नाही. १९३७ साली चाचणी न झाल्यामुळेच शंभर माणसे मेली. पेशींवरील प्रयोग आणि संगणकावरील अनुमाने यांनी जे जमेल ते त्यांनी करावे. जेथे अजून प्राण्यांवाचून भागत नाही तेथे कमीत कमी प्राणी, आणि त्यांच्या मरणातून मिळालेले ज्ञान सर्वांचे. ज्या ज्ञानाची किंमत प्राण देऊन मोजली, ते कंपनीचे गुपित म्हणून कुलुपात ठेवणे हा त्या प्राण्यांचाही अपमान आहे आणि माणसांचाही घात आहे.

काही वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीत कामगारांच्या अभ्यासवर्गात प्रस्तुत लेखकाने विचारले, की तुम्ही रोज जी पिंपे हलवता, त्यांत काय असते? एकाने पिंपाचा रंग सांगितला. दुसऱ्याने वास सांगितला. तिसरा म्हणाला, "सर, निळ्या पिंपाजवळ दुपारनंतर जायचं नाही, डोकं धरतं." नाव कोणालाच ठाऊक नव्हते. माहितीपत्रक व्यवस्थापकाच्या खोलीत होते आणि इंग्रजीत होते. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती उघड करण्याचे बंधन मालकावर आले, सुरक्षिततेत कामगारांचा सहभाग आला, आसन्न धोक्याचा इशारा देण्याचा हक्क आला. पुढे कायद्यांच्या संहिता झाल्या. कायद्यांची नावे बदलली. व्यवस्थापकाच्या खोलीचे कुलूप बदलले नाही.

तेव्हा मागण्या कोणत्या? पहिली, प्रत्येक औद्योगिक रसायनाची संपूर्ण विषशास्त्रीय माहिती, केवळ एका आकड्यापुरती नव्हे, सार्वजनिक नोंदवहीत खुली असावी. युरोपने २००७ पासून 'माहिती नाही तर बाजार नाही' हे तत्त्व अमलात आणले. आपल्याकडे रसायन-व्यवस्थापनाच्या नियमांचा मसुदा २०२० च्या सुमारास तयार झाला. अशा नियमांना कायद्याचे बळ हवे, आणि व्यापारी गुपिताच्या नावाखाली आरोग्याची माहिती त्यांतून वगळता कामा नये. दुसरी, चाचणीचे पैसे उद्योगाकडून उपकराच्या रूपाने घ्यावेत, पण प्रयोगशाळा त्याने निवडू नये. लखनौची विषशास्त्र संशोधन संस्था आणि अहमदाबादची व्यवसायजन्य आरोग्यसंस्था सरकारी पैशांनीच उभ्या आहेत. त्यांना माणसे आणि स्वायत्तता द्यावी. तिसरी, ग्लिसरिन वा तत्सम द्रावकाचे प्रत्येक पिंप औषधात जाण्यापूर्वी तपासले गेलेच पाहिजे. ही तपासणी खर्चिक नाही, तिला उंदीर लागत नाही. लागते ती केवळ न विकला जाणारा निरीक्षक. चौथी, डब्यावरच्या रंगाचा निकष बदलावा. कातडी, श्वास आणि मिश्रण यांचा विचार केल्यावाचून कोणत्याही कीटकनाशकाला निळा वा हिरवा रंग मिळू नये. पाचवी, माहितीपत्रक कामगाराच्या भाषेत, कामाच्या जागी, भिंतीवर असावे.

यांतील शेवटची मागणी पुरी होण्यासाठी दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या युनियनच्या शाखांनी आपापल्या कारखान्यात येणाऱ्या रसायनांची यादी या महिन्यात मागावी. शेतमजुरांत काम करणाऱ्या साथींनी फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगाव डब्यांवरचे रंग आणि त्या रंगांच्या मर्यादा समजावून सांगाव्यात. जेथे माहिती नाकारली जाईल तेथे ती नाकारल्याचे लेखी घ्यावे. तो कागद उद्या कामी येतो.

छिंदवाड्याच्या मुलांना जे पाजले गेले त्याचे घातक गुणधर्म १९३७ पासून जगाला ठाऊक आहेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांत हे ज्ञान शिकागोच्या प्रयोगशाळेपासून एका तमिळ कारखान्यातील पिंपापर्यंत पोहोचू शकले नाही, कारण ते पोहोचविण्यात कोणाचाच नफा नव्हता. ज्यात नफा नाही ते काम समाजाने संघटितपणे करावयाचे असते.